ट्रेलर ओढेल, पण उतारावर धरेल का?

ठाण्यात आणि नवी मुंबईत गेल्या काही वर्षांत कॅम्पिंगचं वेड चांगलंच वाढलं आहे. भंडारदरा, इगतपुरी, माळशेज या बाजूला शनिवार-रविवार तंबू टाकणारी कुटुंबं आता नवलाची राहिली नाहीत. त्यातली काही जणं पुढचं पाऊल म्हणून कॅम्पर ट्रेलरचा विचार करतात. आपल्याच गाडीच्या मागे जोडायची, आत झोपायची सोय आणि छोटं स्वयंपाकघर असलेली एक खोली. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरण आणलं. मग चर्चा सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझी गाडी ट्रेलर ओढेल का?"

हा प्रश्न रास्त आहे, पण आपल्या सह्याद्रीत तो दुसऱ्या नंबरचा आहे. आजकालच्या बहुतेक मोठ्या डिझेल गाड्या सात-आठशे किलोचा ट्रेलर घाटावर नेतील. जरा दमतील, पण नेतील. चढावर ताकद कमी पडली तर गाडी हळू होते, फार तर थांबते. उतारावर ब्रेक कमी पडले तर गाडी थांबतच नाही. म्हणून आधी विचारायचं ते हे, की माझी गाडी हा ट्रेलर उतारावर धरून ठेवेल का?

हे नीट समजण्यासाठी थोडा हिशोब करू. समजा, गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १,७०० किलो. मागचा ट्रेलर भरून ८०० किलो. एकूण अडीच हजार किलो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे आणि कसारा त्याच्या खाली जवळपास ३०० मीटर. हे अडीच हजार किलो ३०० मीटर खाली आणताना सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. आकडा डोळ्यासमोर येत नसेल तर असं बघा: ३० अंशांचं २५ लिटर पाणी, म्हणजे भरलेली मोठी बादली, उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते. फक्त ब्रेकवर घाट उतरलात तर ती जवळपास सगळी उष्णता गाडीच्या चार चाकांतल्या ब्रेकच्या डिस्क, ड्रम आणि त्यांच्यावर घासणाऱ्या पॅडमध्ये जाते. ट्रेलर नसता तर १७ लिटरवर भागलं असतं. वरच्या आठ लिटरचा भार ट्रेलरचा, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तोही गाडीच्याच ब्रेकवर.

एवढी उष्णता आली की दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे पॅड ठराविक तापमानापलीकडे गेले की त्यांची पकड कमी होते. पाय तेवढ्याच जोराने दाबलेला असतो, पेडलही घट्ट लागतं, पण गाडी थांबायला जास्त अंतर घेते. जळका वास येतो तो याच वेळी. दुसरी गोष्ट जास्त घातक. मेकॅनिक ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते द्रव उकळतं. द्रव दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडतं, तळाला टेकतं, आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. याला आपण 'ब्रेक फेल' म्हणतो. गाडी थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागतात, म्हणून गॅरेजमध्ये बरेचदा दोष सापडतही नाही.

इथे आपल्या हवेचाही संबंध येतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. खाडीकाठच्या दमट शहरात राहणाऱ्या आणि चार महिने पावसात भिजणाऱ्या आपल्यासारख्यांनी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदललंच पाहिजे, ट्रेलर असो वा नसो. काम अर्ध्या-पाऊण तासाचं असतं आणि खर्चही फार नाही. सर्व्हिसिंगच्या यादीत मात्र ते सगळ्यात आधी टाळलं जातं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग उष्णता टाकायची कुठे? इंजिनात. मुंब्रा बायपासच्या उतारावर भरलेला कंटेनर कसा उतरतो ते एकदा लक्ष देऊन बघा. चांगला ड्रायव्हर उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकतो, इंजिन घरघरत राहतं आणि ट्रेलर माणसाच्या चालीपेक्षा थोड्या जास्त वेगाने खाली येतो. मागची ब्रेकलाइट अधूनमधूनच पेटते. पडघ्याच्या एका धाब्यावर अशाच एका ज्येष्ठ ट्रकचालकाने मला एका वाक्यात सांगितलं होतं, "दादा, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं." घाटात गाडी चालवणाऱ्यांचा हा जुना नियम आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे.

फक्त त्यात एक दुरुस्ती हवी. आताच्या टर्बो (हवा दाबून आत भरणाऱ्या) इंजिनांना खालच्या आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला कमी फेरे असतानाच, भरपूर ताकद मिळते, त्यामुळे ती तिसऱ्या गिअरमध्येही घाट चढून जातात. उतरताना मात्र टर्बोची काही मदत नसते. तिथे इंजिनाचा आकार आणि फेरे कामाला येतात, आणि आजची इंजिनं छोटी झाली आहेत. म्हणून ट्रेलर मागे असेल तर चढलात त्यापेक्षा एक गिअर खाली घेऊन उतरा. इंजिनाचा आवाज वाढेल, आरपीएम तीन-साडेतीन हजारांपर्यंत जाईल. लाल पट्ट्याच्या आत आहे तोवर इंजिनाला काहीही होत नाही.

इंजिन गाडीला धरतं कसं? पेट्रोल इंजिनात तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की हवा आत येण्याची झडप जवळजवळ बंद होते आणि पिस्टनला अर्धवट पोकळीविरुद्ध ओढत बसावं लागतं. त्या ओढीत चाकांची ऊर्जा खर्च होते. डिझेलमध्ये हवा अशी अडवली जात नाही, त्यामुळे तिथे ही धरून ठेवण्याची क्षमता कमी असते. मोठ्या ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला धरायला लावणारा) देतात तो म्हणूनच. डिझेल एसयूव्हीवाल्यांनी हे लक्षात ठेवून आणखी सावकाश उतरावं.

आणि एक गैरसमज इथेच मिटवू. उतारावर न्यूट्रल टाकला की इंधन वाचतं असं अजूनही खूप जण मानतात. आताच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला तर इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद होतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावरच फिरत असतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं इंधन जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलने इंधनही जास्त जातं आणि धरणारं इंजिनही हातचं जातं. इंजिन बंद करून उतरणं तर जिवाशी खेळ आहे. दोन-तीनदा ब्रेक दाबला की त्याची पॉवर संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर 'डी'वर ठेवून घाट उतरू नका. मॅन्युअल मोड, 'एल' किंवा 'एस', जे असेल ते वापरा. इलेक्ट्रिक गाडीचं आणखी वेगळं. ती उतारावर मोटरने वेग धरते आणि बॅटरी चार्ज करते, हे तिचं मोठं बळ. पण बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते आणि मोटर धरेनाशी होते. म्हणून परतीच्या वाटेवर इगतपुरीला पूर्ण चार्ज करून लगेच घाट उतरायला घेऊ नका. सत्तर-ऐंशी टक्क्यांवर थांबा, खाली येताना थोडं आपोआप भरेल.

एवढं करूनही ब्रेक लागणारच. ते वापरायची पद्धत अशी: पाय सतत ठेवून ब्रेक घासत राहायचा नाही. वेग चाळीसवर गेला की ठामपणे दाबून तीसवर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. मधल्या काळात डिस्कला वारा लागतो आणि ती निवते. वेगाचा हिशोबही डोक्यात असू द्या. ताशी ४० ऐवजी ६० ने जाणारी गाडी थांबवायला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. जळका वास आलाच तर सुरक्षित रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास गाडी तशीच राहू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तिला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकते.

याच कसाऱ्यात रेल्वेने हा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. थळ घाटातला, म्हणजेच कसारा घाटातला, लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. तिथली चढण ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा, इंजिनं लागतात हे नाशिकला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. त्याहून महत्त्वाची मला वाटते ती उतरण्याची शिस्त. ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून काढून चढणीच्या फाट्यावर चढवता यावी म्हणून घाटात कॅच सायडिंग बांधलेल्या आहेत. उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटू शकतो, हे आधीच धरून केलेली ही रचना आहे. आपल्याला रस्त्यावर असा फाटा कोणी बांधून ठेवलेला नसतो. म्हणून आपली शिस्त घाटमाथ्यावरच सुरू व्हायला हवी: थांबा, दोन मिनिटं ब्रेक तपासा, गिअर ठरवा, मग निघा.

ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेककडे आता येऊ. हलक्या ट्रेलरना ब्रेक नसतातच. त्यांचं वजन जितकं कमी तितकं बरं. त्यांच्याहून जड ट्रेलर बहुतेक ओव्हररन ब्रेकचे असतात. तुम्ही गाडी हळू केली की ट्रेलर मागून हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, ढकलतो, त्या ढकलण्याने एक दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. सपाटीवर ही युक्ती छान चालते. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत गाडीला ढकलत असतो, त्यामुळे त्याचे ब्रेक सतत थोडेथोडे घासत राहतात आणि तापतात, आणि पुढे बसलेल्या तुम्हाला ते कळतही नाही. इलेक्ट्रिक ब्रेक असलेला ट्रेलर महाग पडतो, पण त्याचा कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी असतो. सह्याद्रीत वारंवार फिरायचं असेल तर पैसे तिथे घालावेत असं माझं मत आहे. आतला फ्रिज थोडा छोटा घ्या.

ट्रेलरचे ब्रेक तापलेत का, हे हातानेच कळतं. घाट उतरून पहिल्या थांब्यावर उतरा आणि चाकाच्या मधोमध, हबच्या जवळ तळहात न्या. चिकटवू नका, दोन बोटं अंतर ठेवा. दोन्ही बाजूंना सारखीच ऊब लागली तर ठीक. एका बाजूला चटका जाणवला आणि दुसरी बाजू गार असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंगमधलं ग्रीस संपलं आहे. हबच्या टोपीभोवती काळपट, ओघळलेलं ग्रीस दिसलं तर बेअरिंगच. वर्षातले नऊ-दहा महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या ट्रेलरला हा त्रास हमखास होतो. तीच गोष्ट टायरची. नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षांपुढचा असेल आणि बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर घाटात नेऊ नका.

आता सामान. ट्रेलरमध्ये काय ठेवता यापेक्षा कुठे ठेवता हे जास्त महत्त्वाचं. हिचच्या गोळ्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाचा भार यायला हवा. ८०० किलोच्या ट्रेलरला साठ ते ऐंशी किलो. गाडीच्या पुस्तिकेत गोळ्यावरच्या भाराची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडायची नाही. हा भार कमी पडला, म्हणजे वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेलं, की ट्रेलर डोलायला लागतो. शेजारून बस सुसाट गेली, वाऱ्याचा झोत आला, की मागचं टोक एकीकडे जातं. ते परत येताना पलीकडे जास्त जातं, आणि ठराविक वेगाच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. शेवटी ट्रेलर गाडीची मागची बाजूच ओढून नेतो. उतारावर हे लवकर घडतं, कारण तिथे ट्रेलर ओढला जात नसतो, ढकलत असतो. भार जास्त झाला तर उलट त्रास: गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

भार मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाटीवर उभा करा, चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायची पाचर) लावा, आणि हिच ज्या उंचीवर जोडली जाते त्याच उंचीला लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून खाली काटा ठेवा. आकडा वाचा. मागच्या बाजूला ८० लिटरची पाण्याची टाकी असेल आणि ती तुम्ही निघताना भरलीत, तर ८० किलो चुकीच्या जागी गेले. हा आकडा लगेच खाली आलेला दिसेल. पाणी भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात किंवा इगतपुरीजवळच्या घोटीला पोचल्यावर भरा. गॅस पाच किलोच्या छोट्या सिलिंडरचा घ्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि वर जवळजवळ तेवढंच लोखंड, दोन दिवसांच्या चहा-भातासाठी ते ओढण्यात अर्थ नाही. जड सामान खाली आणि चाकांच्या थोडं पुढे, हलक्या गाद्या-पांघरुणं वर आणि मागे.

डोलणं सुरू झालंच तर हाताला आवरावं लागतं, कारण मन उलट सांगत असतं. स्टिअरिंग फिरवून ट्रेलर सरळ करायला जाऊ नका. जोरात ब्रेक मारू नका. वेग वाढवून तो ताणला जाईल अशी आशा तर अजिबात करू नका. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप हळू होऊ द्या. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मग कडेला थांबून सामान पुढे सरकवा.

समृद्धी महामार्गाबद्दल हमखास विचारलं जातं. इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणं चुकली. हे सोपं नक्कीच आहे, पण उंची काही कमी झालेली नाही. ते तीनशे मीटर तुम्हाला उतरायचेच आहेत, फक्त ते लांब अंतरावर पसरलेत. शिवाय मोकळा रस्ता दिसला की पाय जड होतो, आणि ट्रेलरचं डोलणं वेगाशीच बांधलेलं आहे. मागे ट्रेलर असताना ताशी साठ-सत्तर पुरे.

वळणांचं एकच सांगतो. ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतून कापत जातात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावं हेअरपिन वळण आपल्यासाठी जास्त आवळ असतं आणि ट्रेलरचं डावं चाक गटारात किंवा कठड्यावर चढतं. आपल्या लेनमध्येच शक्य तितकं उजवीकडे राहून, थोडं उशिरा वळा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. मागे रांग लागली असेल तर रुंद जागा बघून बाजूला व्हा. रिव्हर्सचा सराव उलवे किंवा द्रोणागिरीच्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर रविवारी पहाटे करा, मागे एक माणूस उभा ठेवून. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरला तर हात ज्या बाजूला नेता त्या बाजूला ट्रेलरचं टोक जातं, हे पाच मिनिटांत अंगवळणी पडतं.

चढताना एसी बंद ठेवा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, काटा वर सरकायला लागला तर हीटर पूर्ण चालू करा. मुलं कुरकुरतील, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. जुलै-ऑगस्टमध्ये ट्रेलर घेऊन माळशेजला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. धुकं, दरडी आणि दरीतून येणारा वारा, तिन्ही एकदम असतात. आणि गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही, झोपलेलं मूलसुद्धा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. घेण्याआधी विक्रेत्याकडे नोंदणी आणि विम्याची कागदं मागा, आणि तुमच्या आरटीओत विचारून घ्या. गाडीच्या पुस्तिकेत 'ट्रेलर ओढू नये' असं लिहिलेलं असेल तर तिथेच विषय संपला. हिच बंपरला नाही, चासीला बोल्ट केलेली हवी. सुरक्षा साखळ्या हिचच्या खालून एकमेकींना ओलांडून लावलेल्या हव्यात, म्हणजे हिच निसटली तरी दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर तोलला जातो.

मुक्कामाला पोचल्यावर सगळ्यांना तंबू, चूल, पाणी यांची घाई असते, आणि नेमकं तेव्हाच ट्रेलर सुटतो. धरणाकाठच्या जागा क्वचितच सपाट असतात. आधी ट्रेलरच्या दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने उटी लावा. नुसता दगड नको, तो घरंगळतो. रबरी किंवा लाकडी, चाकाला नीट बसणारी उटी घरूनच न्या. मग पुढचं छोटं चाक खाली टेकवा, त्यानंतर हिच सोडा, आणि साखळी व वायर सगळ्यात शेवटी. घाट उतरून लगेच थांबला असाल तर ट्रेलरचा हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या ड्रमवर दाबलेले लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) निवताना चिकटून बसतात. तोवर उटीवरच राहू द्या, आणि मुलांना उताराच्या बाजूला खेळू देऊ नका.